शौचाची तपासणी पॉझिटिव्ह आली की मूळव्याधीचं औषध? मुळीच नाही

‘आतड्याचा कॅन्सर घरबसल्या ओळखा. शौचाची तपासणी निगेटिव्ह आली की आयुष्यभर निश्चिंत. पॉझिटिव्ह आली तर मूळव्याध असेल, महिनाभर औषध घेऊन पुन्हा करा. आदल्या दिवशी मटण टाळा. कोलोनोस्कोपी हा पैसे उकळायचा धंदा.’ हा मेसेज फिरत फिरत आमच्या मामांकडूनच आला, वर ‘सगळ्यांना पाठव’ अशी आज्ञा. पाठवणार नाही.

सगळ्यात घातक आहे ते ‘महिनाभर औषध’. ही तपासणी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते, आणि आतड्यातली कॅन्सरची गाठ रोज रक्त सोडत नाही. आज सोडेल, पुढचे चार दिवस नाही. म्हणून दुसरी तपासणी निगेटिव्ह आल्याने पहिली खोटी ठरत नाही. मूळव्याधीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते, हे कबूल. पण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकतात, आणि रक्त नेमकं कुठलं हे तपासणी सांगत नाही. पॉझिटिव्हनंतर कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. तिच्यात पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची मांसल वाढ) दिसला तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढताही येतो.

‘आयुष्यभर निश्चिंत’ कशाच्या जोरावर? न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१४ साली सुमारे १०,००० जणांचा अभ्यास आला. सगळ्यांची कोलोनोस्कोपीही केली होती. रक्त शोधणाऱ्या ‘फिट’ तपासणीने ७३.८ टक्के कॅन्सर पकडले, रक्ताबरोबर गाठीच्या पेशींचा बदललेला डीएनएही शोधणाऱ्या तपासणीने ९२.३ टक्के. कॅन्सरच्या वाटेवरचे मोठे पॉलिप मात्र अनुक्रमे २३.८ आणि ४२.४ टक्केच. म्हणून फिट दरवर्षी करायची असते. आणि शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन किंवा रक्तक्षय असेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून घरी बसू नका.

गरज नसताना कोलोनोस्कोपी सांगणारेही आहेत, तेवढं खरं. लक्षणं नाहीत, घरात कुणाला हा कॅन्सर नाही, अशांनी फिटपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही.

मटणाचं पथ्य जुन्या ग्वायाक तपासणीचं; तिला माणसाचं आणि मटणातलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. फिटमधली अँटीबॉडी फक्त माणसाचं ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं प्रथिन, ओळखते. आपल्याकडे लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ या नावाखाली दोन्ही चालतात, तेव्हा कुठली ते आधी विचारा.

फिटचा नमुना कसा घ्यायचा, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा कोरड्या डब्यात घ्या. नमुन्याच्या नळीसोबत मिळणाऱ्या काडीचं खाचांचं टोक चार-पाच ठिकाणी फिरवा. खाचा भरल्या की पुरे, गोळा कोंबू नका. पाळी चालू असताना नको. झाकण घट्ट लावून तारीख लिहा आणि लवकर पोचवा. मेच्या उन्हात नळी गाडीच्या डिकीत राहिली, तर हिमोग्लोबिन विघटित होऊन रक्त असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.