कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन जमिनी ‘कागद खोटे होते म्हणून’ गेल्या नाहीत

कॅलिफोर्नियाच्या इतिहासाबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मेक्सिकोच्या काळात तो मुलूख ओसाड होता, गव्हर्नर मर्जीतल्या लोकांना तोंडी जमिनी वाटत, पुढे अमेरिकेने रीतसर कागद तपासले, खऱ्यांच्या जमिनी राहिल्या आणि खोट्यांच्या गेल्या. बे एरियातली आपली मंडळीही हे पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

‘ओसाड होता.’ १८४८च्या सुमारास तिथे मूळ रहिवासीच दीड लाखाच्या आसपास होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तलींमुळे १८६०पर्यंत ते तीसेक हजारांवर आले. रँचोंवर, म्हणजे गुराढोरांच्या मोठ्या जमीनदाऱ्यांवर, गुरं राखणारे बहुतेक हात त्यांचेच होते. वॉर्नर्स रँचवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुपेन्यो या मूळ रहिवाशांनी जमिनीची मालकी सिद्ध करायला लावणाऱ्या अमेरिकेच्या १८५१च्या कायद्यातल्या (त्याबद्दल पुढे) मुदतीत दावा लावला नव्हता. तेवढ्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०१मध्ये त्यांचा हक्क नाकारला आणि १९०३मध्ये त्यांना पाला इथे हलवलं. ज्या मुलखातून माणसं हुसकावावी लागतात, त्याला ओसाड कसं म्हणायचं?

‘तोंडी वाटत.’ वशिला चाले, हे खरं. पण १८२४चा कायदा आणि १८२८चे नियम होते. गव्हर्नरकडे अर्ज करायचा, सोबत जमिनीचा हाती काढलेला नकाशा जोडायचा. त्यात टेकड्या, ओढे, एखादं मोठं ओकचं झाड अशा खुणा असत. जमीन मोकळी आहे का, याची चौकशी होई. मोजणीला दोन घोडेस्वार कातड्याचा दोर धरून एकामागून एक पल्ला टाकत जात. घर बांधणं, गुरं आणणं अशा अटी असत. एका माणसाला जास्तीत जास्त ११ चौरस लीग, म्हणजे सुमारे ४८ हजार एकर. बाहेरून आलेल्यांनाही याच वाटेने जमीन मिळे. जॉन सटर मेक्सिकन नागरिक झाला आणि १८४१मध्ये त्याने ११ लीग मिळवल्या. आजच्या मिलपिटासची जमीन होसे मारिया आल्विसो याला १८३५मध्ये मिळाली. त्याचं मातीच्या विटांचं घर अजून तिथे उभं आहे.

आता ‘खऱ्यांच्या राहिल्या.’ सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवून कॅलिफोर्निया अमेरिकेला देणाऱ्या १८४८च्या तहात मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला संरक्षणाचं वचन होतं. जमिनीच्या सनदांबद्दलचं दहावं कलम मात्र अमेरिकन सिनेटने मंजुरी देतानाच काढून टाकलं. मग १८५१च्या कायद्याने प्रत्येक मालकाला दोन वर्षांत आयोगापुढे येऊन आपली मालकी सिद्ध करायला लावलं. पुराव्याचा भार मालकावर, आणि कामकाज परक्या भाषेत. मराठी वाचकाला इथे १८५२चं मुंबई इलाख्यातलं इनाम कमिशन आठवेल. तिथेही सनद दाखवायची जबाबदारी इनामदारावरच टाकली होती.

आयोगापुढे ८१३ दावे आले आणि शेवटी ६०४ मान्य झाले. म्हणजे चारांतले तीन कागद सरकारनेच खरे ठरवले! पण अंतिम सनद हाती पडायला सरासरी १७ वर्षं लागली. तोवर वकिलाची फी, कर, मोजणीचा खर्च आणि जमिनीवर ठाण मांडून बसलेले घुसखोर. त्यात १८६२ ते १८६४चा दुष्काळ पडला आणि गुरं मेली. रोकड कुणाकडेच नव्हती, जमीन गहाण टाकावी लागे. आजचं ग्लेनडेल ज्या जमिनीवर आहे, तिच्या वारसदारांपैकी हुलिओ वेर्दुगो याने १८६१मध्ये सुमारे ३,४४५ डॉलर महिना ३ टक्के व्याजाने घेतले. आठेक वर्षांत ते ५८ हजारांवर गेले आणि जमीन गेली. त्याच्या घराण्याची मालकी कोणीही खोटी ठरवली नव्हती.

खोटे दावे होतेच, आणि ते लपवायचं कारण नाही. लिमांतूर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या भागावर हक्क सांगितला होता. कागद तपासणाऱ्या आयोगाने १८५६मध्ये तो मान्यही केला! शिक्का बनावट असल्याचं कोर्टात दिसलं आणि १८५८मध्ये दावा फेटाळला गेला. इतका मोठा बनाव पाच-सहा वर्षांत निकाली निघाला. मग ज्यांचे कागद शेवटी खरेच ठरले, त्यांना सरासरी सतरा वर्षं का ताटकळत ठेवलं, याचं उत्तर त्या मजकुरात नाही.