चिरंजीवांच्या हाती स्पोर्ट्स कार: होतकरू पालकांसाठी मार्गदर्शन

"मुलगा सतरा पूर्ण झालाय, वयाच्या मानानं फार समजूतदार आहे. हळूहळू गाडी हातात द्यावी म्हणतोय. तुमचं काय मत?"

लिफ्टमध्ये हा प्रश्न आला त्याच्या आदल्याच रात्री साडेबाराला तीच गाडी सोसायटीच्या रॅम्पवरून उतरली होती. सायलेन्सरच्या फटाक्यांनी पार्किंगमधल्या दोन गाड्यांचे अलार्म केकाटत होते आणि स्टिअरिंगमागे जे बसलं होतं त्याला अजून मिसरूडही फुटलेलं नव्हतं. म्हणजे निर्णय कधीच झाला होता. हवी होती फक्त चारचौघांची मान डोलावणी. ती एकेकाला लिफ्टमध्ये गाठून गोळा करण्यात पालकांचा फार वेळ जातो, म्हणून हे लेखी मार्गदर्शन. वाचा, आणि बिनधास्त किल्ली द्या.

पहिली गोष्ट, अठरा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. अठराव्या वर्षी काय, कुणीही चालवतं. शिकाऊ लायसन काढायचं, पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा, शेजारी लायसनवाला माणूस बसवायचा, किमान तीस दिवस थांबायचं आणि मग आरटीओच्या ट्रॅकवर परीक्षा द्यायची. यात घराण्याचं वेगळेपण ते काय राहिलं?

कुणी सांगेल की सोळाव्या वर्षीही लायसन मिळतं. मिळतं. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. तशी दुचाकी शोरूममध्ये शोधून दाखवा. तोवर त्याच लायसनवर ११० सीसीची स्कूटर पळवण्याची आपली परंपरा आहेच, आणि ११० सीसी चालते तर पाचशे अश्वशक्ती का चालू नये?

कायद्याला तर मुळीच घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. मजा अशी की यासाठी अपघात व्हावाच लागत नाही. बिनलायसन चालवणं हाच गुन्हा आहे. आणखी मजा अशी की गाडी तुमच्या संमतीनेच नेली असं कोर्टाने गृहीत धरायचं असतं. मला माहीत नव्हतं, किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध तुम्ही करायचं. किल्ली चपलांच्या स्टँडवरच्या वाटीत ठेवली होती, ही खबरदारी कोर्टाला कितपत पटते ते एकदा पाहायला हरकत नाही.

विमा आहेच. पॉलिसीत 'चालकाकडे वैध लायसन असावं' अशी एक बारीक ओळ असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावं. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा त्या ओळीवर फेटाळला जाईल. समोरच्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई कंपनी आधी देईल आणि मग ती तुमच्याकडून वसूल करेल. मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते तेवढं पाहून ठेवा.

शिकायला जोरदार गाडीच हवी. १.२ लिटरच्या हॅचबॅकमध्ये शिकणं म्हणजे निव्वळ कालापव्यय. तिला शून्यावरून शंभर गाठायला बारा-तेरा सेकंद लागतात. तेवढ्यात पुढचा रिक्षावाला हात न दाखवता वळतो, शिकाऊ पाय आधी चुकीच्या पेडलवर जातो, मग बरोबर पेडलवर जातो, गाडी आचके देत बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि कुणाला काही होत नाही. तुमच्या गाडीला तीन-साडेतीन सेकंद पुरतात. तीन सेकंदांत शंभर गाठले तेव्हा गाडीने जेमतेम चाळीस मीटर कापलेले असतात. सोसायटीच्या गेटपासून इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत. चूक होणं आणि ती सुधारणं यांच्यामधला कंटाळवाणा भाग कंपनीने काढूनच टाकला आहे. इलेक्ट्रिक असेल तर त्याहून उत्तम: पहिल्या इंचापासून पूर्ण जोर, आणि वेग वाढतोय हे कानाला सांगणारं इंजिन नाही.

गणित आवडत असेल तर तेही देतो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, १६० ला ४४. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पोहोचायला चांगल्या चालकालाही सेकंद लागतो. त्यानंतर कोरड्या डांबरावर, नव्या टायरवर, उत्तम ब्रेक असताना १६० वरून थांबायला आणखी शंभरेक मीटर. बेरीज दीडशेच्या घरात. ६० ला हीच बेरीज तिसाच्या आसपास. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सातपट. हे नववीच्या विज्ञानात आहे. चिरंजीवांना त्यात पैकीच्या पैकी मिळाले असतील, क्लासला एवढे पैसे भरलेत.

गाडी स्पोर्ट मोडवर ठेवायला सांगा, नाहीतर मित्र हसतात.

स्पोर्ट मोडचा फायदा पहिल्या पावसात कळतो. डांबरावर वर्षभराचं तेल आणि धूळ, वर पाण्याचा पातळ थर, मागच्या चाकांना ताकद. ताम्हिणीच्या वळणावर वेग जास्त झालाय असं वाटलं की नवशिका घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडतो. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात, गाडीची शेपूट बाहेर फिरते. साध्या मोडमध्ये ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, एकेका चाकाला ब्रेक लावून तिला आवरतं. स्पोर्टच्या वरच्या पायऱ्यांवर ते मुद्दाम उशिरा मध्ये पडतं, कारण कंपनीने गृहीत धरलेलं असतं की चालकाला घसरणारी गाडी हाताळता येते. त्या कंपनीला तुमचा मुलगा माहीत नव्हता, ही तिची चूक.

"गाडीत सगळी सेफ्टी आहे" हे वाक्य पाठ असावं. सात-आठ एअरबॅग असतात, सगळ्या आतल्या माणसांसाठी. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही असते. ॲक्सिलरेटर खोलवर दाबला, तर चालक जाणूनबुजून दाबतोय असं समजून ती बहुतेक गाड्यांत बाजूला होते. बाहेर दुचाकीवर असलेल्यासाठी हेल्मेट असतं. कधीकधी.

ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना यातलं काही विचारू नका. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात रीतसर लायसन मिळालेल्या नव्या चालकालासुद्धा पी-प्लेटच्या, म्हणजे गाडीवर नवशिक्याची पाटी लावायच्या, वर्षांत टनाला १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. आपली मारुती त्या हिशेबात साठ-सत्तरला बसते. तुमचं रत्न सहज दीडशेच्या वर. तिथले लोक भित्रे असतात. सिडनीत वीस वर्षं राहून चुलतभाऊही तसाच झालाय.

नंबरप्लेटची घाई नको. पुण्यात २०२४ मध्ये गाजलेल्या कल्याणीनगरच्या अपघात प्रकरणात कोटीहून महागड्या इलेक्ट्रिक गाडीची पक्की नोंदणी अडली होती ती १,७५८ रुपयांच्या शुल्कापायी. तरी गाडी रस्त्यावर होतीच की.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. शेजारी ड्रायव्हर बसवा. ही युक्ती सर्वांना सुचते, कारण तिने पालकांना शांत झोप लागते. "एकटा नाही सोडत हो, ड्रायव्हर असतो बरोबर." असतो ना. महिना वीस-पंचवीस हजारांवर असतो. रात्री साहेबांचा मुलगा पार्टीतून बाहेर येतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही तिकडे बसा, मी चालवतो." या काकांनी आता नाही म्हणायचं असतं. ज्याच्या बापाकडून एक तारखेला पगार येतो, ज्याच्या आईकडून गेल्या महिन्यात मुलीच्या फीसाठी उचल घेतली, त्याला नाही म्हणायचं. तो साहेबांना फोन लावतो. साहेब म्हणतात, "चालवू दे, तू बस शेजारी." झालं. लायसन ज्याच्याकडे आहे तो डावीकडे बसला आणि ज्याच्याकडे नाही तो उजवीकडे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आणि क्लचचे जोडपेडल असतात. तुमच्या गाडीत डावीकडे पाय पसरायला भरपूर जागा आहे, बाकी काही नाही. हँडब्रेक म्हणजे एक बटण, ते कुठे आहे हे त्याला तुम्ही कधी दाखवलंय का? की सीट खराब होते म्हणून त्याला त्या गाडीला हातच लावू देत नाही, त्याच्यासाठी जुनी इनोव्हा? तो फक्त "दादा, हळू" म्हणू शकतो. मागे बसलेले चार मित्र त्यावर हसतात आणि दादा आणखी दाबतो. मित्र गाडीत असले की पोरं जास्त दाबतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आणि ठोकल्यावर हाच ड्रायव्हर पुन्हा कामाला येतो. कारण तेव्हा घरात पहिला प्रश्न 'कुणाला लागलंय का' हा नसतो, 'गाडी कोण चालवत होतं असं सांगायचं' हा असतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दुचाकीवरचे दोघं गेले, दोघंही चोवीस वर्षांचे, दोघंही इंजिनिअर. सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. लोक भडकल्यावर मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, पुढे हायकोर्टाने तिथून सुटका केली. 'गाडी मी चालवत होतो' असं म्हणावं म्हणून ड्रायव्हरला डांबल्याचा गुन्हा मुलाच्या वडील-आजोबांवर दाखल झाला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली आई-वडील आणि ससूनचे डॉक्टर अटकेत गेले. एका रात्रीच्या हौसेपायी किती माणसं लागली पाहा. आणि शेजारी बसवलेला माणूस या सगळ्यात कुठे होता? जिथे तुम्ही बसवला होता तिथेच. वीस हजारांत तुम्ही ड्रायव्हर ठेवत नाही, जामीनदार ठेवता, आणि तोही त्याला न सांगता!

दारूचं मात्र नीट समजावून सांगा: महाराष्ट्रात कडक दारूला वय पंचवीस, बिअरला एकवीस. सतराव्या वर्षी दोन्ही चालतात, ओळखीचा पब हवा.

आणि... जाऊ द्या. नाही होत आता गोड बोलणं.

अहो, तो समजूतदार आहे का हा प्रश्नच नाही. समजूतदार असेलही. गाडी शिकायला लागल्यापासूनच्या विसाव्या तासाला कुठलाही चालक चुका करतो, समजूतदारही करतो. म्हणून शिकाऊ माणसाला हळू गाडी देतात. तुम्ही त्याला गाडी देताय ती तो तयार आहे म्हणून नाही. तो हट्ट करतोय, त्याच्या मित्राच्या बापाने दिली आहे आणि 'आमचा अजून लहान आहे' हे क्लबमध्ये सांगायची तुम्हाला लाज वाटते, म्हणून. रॅम्पवरच्या त्या फटाक्यांनी खाली खाटेवर झोपलेला वॉचमन उठून बसतो. त्याने गेट उघडलं नाही तर नोकरी जाते, उघडलं तर उद्या पोलीस त्यालाच विचारतात. तुमच्या लाडाचा हप्ता इतक्या लोकांनी का भरायचा?

चालवायची हौस आहे ना? कार्टिंगला घाला, तिथे हेल्मेट आणि टायरच्या भिंती असतात. खरंच अंगात असेल तर कोइंबतूरला कारी ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला आहे. तिथे शिकवणारी माणसं आहेत, आणि समोरून दूधवाला येत नाही. अठरा पूर्ण झाले की शिकाऊ लायसन, जोडपेडलवाली शिकवणीची गाडी, मग घरातली सर्वांत लहान गाडी. एक अख्खा पावसाळा त्याच गाडीवर काढू द्या. पहिले सहा महिने रात्री नाही, मित्र नाहीत, एक्सप्रेस वे नाही. तुमची ती गाडी त्यानंतरही लगेच नाही. त्याला राग येईल, दार आपटेल, दोन दिवस बोलणार नाही. नाही बोलला तर नाही बोलला. बाप आहात, त्याचे मार्केटिंग मॅनेजर नाही.

आणि ड्रायव्हरला लेखी सांगा, व्हॉट्सॲपवर, की मुलाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही आणि नाही म्हटल्याबद्दल तुझी नोकरी जाणार नाही. गाडीच्या ॲपमध्ये वेगाचा आणि हद्दीचा अलार्म असेल तर चालू करा. त्याच ॲपमध्ये मुलाचा फोन डिजिटल किल्ली म्हणून जोडलेला आहे का पाहा आणि आजच काढा. पासवर्डही बदला, तो त्याचा वाढदिवस आहे.

राहिली दुसरी किल्ली. ती बेडरूमच्या कपाटात आहे, असं तुम्हाला वाटतंय. उठा, जरा उघडून बघा.