हिमाचलमधल्या थानेदार गावातल्या सफरचंद बागेच्या सहलीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देताना तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: पत्रकात ‘राजघराण्याची शंभर वर्षांची बाग’ होती पण घराणं राजाचं नव्हतंच, झाडं जेमतेम माणसाच्या उंचीची निघाली, आणि मे महिन्यात एकही लाल फळ दिसलं नाही. शिवाय बागेतली ‘रिकामी’ पट्टी आणि पिवळ्या फळांच्या झाडांची ‘भेसळ’ यांवरही बोट ठेवलंत.

पहिली चूक आमचीच. बाग लावणारे स्टोक्स हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) उद्योजक घराणं, व्यवसाय लिफ्टचा. सॅम्युअल स्टोक्स १९०४ मध्ये भारतात आले. १९१६ मध्ये त्यांनी थानेदारला अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेकडची डेलिशस जातीच्या सफरचंदाची रोपं लावली. सफरचंदाच्या जातीचं नाव ‘रॉयल डेलिशस’, म्हणून पत्रक लिहिणाऱ्याने घराणंही रॉयल करून टाकलं. तो शब्द काढला आहे.

झाडांच्या उंचीचं मात्र मान्य नाही. सफरचंदाचं बी पेरलं तर आईसारखं फळ येत नाही, त्यामुळे शंभर वर्षं टिकते ती जात, कलमावर कलम बांधून. हापूसचंही तेच. झाडं सुप्तावस्थेत असताना पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी काढून थंड, ओलसर जागी ठेवतात आणि वसंताच्या तोंडाला खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या रोपावर, बांधतात. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तरी जुळायलाच हवा, नाहीतर काडी वाळते. बुंध्यावर जमिनीपासून वीतभर वर जी गाठ दिसते, तोच हा सांधा. तो मातीत गाडला गेला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि बुटका खुंट वापरल्याचा उपयोग राहत नाही.

बियांच्या खुंटावरचं झाड पंचवीस-तीस फूट वाढतं, फळाला सात-आठ वर्षं लावतं. एम-९ या बुटक्या खुंटावरचं झाड ठेंगणंच राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फळाला लागतं, पण मुळं कमजोर, म्हणून तारेचा आधार. जुनं झाड उपटून त्याच खड्ड्यात नवं लावलं तर ते खुरटतं, तेव्हा माती बदलावी लागते किंवा जागा सोडावी लागते. तुम्ही पाहिलेली ‘रिकामी’ पट्टी त्यातलीच.

मधली पिवळ्या फळांची झाडं ‘भेसळ’ नाहीत. डेलिशसला स्वतःच्या परागावर फळ धरत नाही, त्याला गोल्डन डेलिशस शेजारी लागतो. स्टोक्सकडे तो १९२१ मध्ये आला.

मेचं म्हणाल तर फुलं एप्रिलमध्ये येतात, मेमध्ये फळ सुपारी-लिंबाएवढं हिरवं असतं, आणि रॉयलची तोडणी त्या उंचीवर ऑगस्टच्या आसपास. पत्रकावरचा लाल फोटो ऑगस्टचा होता, हे तिथेच छापायला हवं होतं. नव्या पत्रकात छापलं आहे. बागेच्या थांब्याचे पैसे तुमच्या खात्यात परत करतो.

ऑगस्टमध्ये यायचं असेल तर जागा आहे. फक्त तेव्हा पाऊस, दरडी आणि सफरचंदाच्या ट्रकांची रांग असते, म्हणून शिमला ते थानेदार या साधारण ८० किलोमीटरला अख्खा दिवस धरा.