काँक्रीट काका

गेल्या शनिवारी ठाण्याला नौपाड्यातल्या एका दवाखान्यात माझी म्हणींची परीक्षा झाली आणि मी नापास झालो. वास्तविक आम्ही गेलो होतो आईला तपासायला. तिने दोनदा दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात ठेवलं, डॉक्टर म्हणाले एकदा चाचणी करून घ्या, घोडबंदर रोडवरून मेट्रोच्या खांबांखालून दीड तास रिक्षा, टोकन नंबर ९. एवढं पुरे.

चाचणी घेणारी मुलगी पंचविशीची असेल. आईला ‘आजी’ म्हणाली, मला ‘काका’. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने काका व्हायलाच हवं, पण ‘काका, तुम्ही फक्त बसा’ असं म्हटलं की तो शब्द नात्याचा राहत नाही.

“आजी, मी म्हण सांगते, तुम्ही अर्थ सांगा. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.’”

“ह्याचे वडील,” आई म्हणाली.

“म्हणजे कसं?”

“अगं, रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, तरी दूधवाला उशिरा आला की त्याच्याकडे लेखी खुलासा मागायचे.”

मुलगी खुदकन हसली आणि तिने पूर्ण गुण मांडले. मी समोरच बसलो होतो, उलटं वाचता येतं मला.

“‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’”

“आमच्या मधल्या वन्सं.” मग जरा थांबून, “नाव नको लिहूस हं. दिवाळीत जायचंय त्यांच्याकडे.”

पुन्हा पूर्ण गुण.

“‘दुरून डोंगर साजरे.’”

“येऊर.”

“येऊर?”

“ह्याने फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने बाल्कनीतून येऊरचा डोंगर दाखवला होता. काय ते हिरवंगार! आता मागच्या टॉवरवाल्यांचे वाळत घातलेले लेंगे दिसतात.”

पूर्ण गुण! इथे मी हरकत घेतली. डोंगराच्या म्हणीला डोंगराचंच उदाहरण दिलं तर त्यात लाक्षणिक काय राहिलं? शिवाय येऊरमध्ये दोष काहीच निघालेला नाही, दोष टॉवरचा आहे. म्हणजे अर्थही चुकला. हे मी शांतपणेच सांगितलं. आईच्या मते ओरडून.

“काका, प्लीज. बरं, पुढची तुम्हीच सांगा. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.’”

आता ही म्हण मला चौथीपासून येते. पण पोरीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की कथील म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. अर्थ सांगायचा तर आधी पाया भरायला नको? म्हणून मी म्हटलं, “कथील म्हणजे टिन. भांड्यांना कल्हई करतात ना, ती कथलाची. आणि वाळा म्हणजे माठात टाकतात तो सुगंधी नव्हे, हा हातात घालायचा—”

“थँक यू, काका.” पेन टेकलंसुद्धा. शेजारी शिकाऊ मुलगी बसली होती, तिला ही हळूच म्हणाली, “बघ, हे काँक्रीट थिंकिंग. शब्दातच अडकतात.”

मी तीस वर्षं बांधकामावर काँक्रीटच केलंय. एम-२० केलं, एम-२५ केलं, भर पावसात स्लॅब टाकले. पण हा आजार असतो हे मला कोणी बोललं नव्हतं. आणि काँक्रीटच्या ठोकळ्यालासुद्धा परीक्षेआधी २८ दिवस पाण्यात ठेवतात हो! मला २८ सेकंद दिले नाहीत.

रात्री सूड म्हणून वाचत बसलो. म्हणी विचारून माणसाचा मेंदू जोखायची पद्धत बरीच जुनी निघाली. डोनाल्ड गोरहॅम यांनी १९५६ सालीच म्हणींची रीतसर चाचणी छापली आहे. वस्तू सोडून वरचा अर्थ पकडला की गुण, वस्तूतच अडकलात की भोपळा. एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी १९७७ साली मेंदूला इजा झालेल्यांना ‘जड अंतःकरण’ अशा वाक्प्रचारांसाठी चित्रं निवडायला सांगितली. उजव्या भागाला इजा झालेले बरेच जण भलंमोठं हृदय वाहून नेणाऱ्या माणसाचं चित्र निवडत आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. मी डोक्याची उजवी बाजू चाचपून पाहिली. “डोकं दुखतंय का?” बायकोने विचारलं. नाही म्हटलं.

१९८२ साली सॅम ग्लक्सबर्ग आणि मंडळींनी उलटं करून पाहिलं. ‘काही नोकऱ्या तुरुंग असतात’ अशी वाक्यं दाखवायची आणि शब्दशः खरं की खोटं तेवढंच विचारायचं. लोकांना ‘खोटं’ म्हणायला जास्त वेळ लागे, कारण लाक्षणिक अर्थ न बोलावता मध्ये येऊन उभा राहतो. सकाळच्या फास्ट लोकलला ठाण्याहून लटकणाऱ्या माणसाने तर सरळ ‘खरं’चं बटण दाबलं असतं.

माँट्रियलची एक ३० गुणांची चाचणी आहे. तीत विचारतात, रेल्वे आणि सायकल यांत सारखं काय? मी मनात म्हटलं, दोन्हींना चाकं. हे उत्तर चालत नाही म्हणे! ‘प्रवासाची साधनं’ म्हणायचं. ज्या ठाण्यात १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी येऊन थांबली, तिथल्या माणसाने रेल्वेच्या प्रश्नाला मार खावा!

आणि तपासायचंच तर आमच्या सोसायटीला तपासा ना. मागच्या महिन्यात मी ग्रुपवर लिहिलं, “समितीला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.” सेक्रेटरींचं उत्तर आलं, “पाणी सकाळी ६ ते ७ येईल. टाकी साफ केलेली आहे. अफवा पसरवू नयेत.” खाली अकरा अंगठे. ही अकरा माणसं गाड्या चालवतात, मतदान करतात, लिफ्टच्या दुरुस्तीवर ठराव मांडतात. त्यांना कोणी टोकन देत नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या मुलीने सुरुवातीला आईला पाच शब्द सांगितले होते, थोड्या वेळाने विचारीन म्हणून. म्हणी झाल्यावर तिने विचारले.

“कसले शब्द?” आई म्हणाली.

“मघाशी सांगितले होते ना, आजी.”

आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी शाळेत बाईंनी विचारल्यावर शेजारच्या बाकाकडे पाहायचो, तसं. मला पाचही येत होते. सुचवायचं नाही म्हणून मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तिला दोन आठवले. मुलीने सहा महिन्यांनी परत या म्हणून सांगितलं आणि केसपेपर माझ्या हातात दिला.

रिक्षात आई काही बोलली नाही. मला वाटलं, मनाला लावून घेतलं. रात्री जेवताना मात्र सुनेला म्हणाली, “अगं, ह्याला सोनुबाई आली नाही.”

मी म्हटलं, तिने वाक्य पुरं करू दिलं नाही, प्रश्नच घाईत विचारला, वर तो पंखा डोक्यावर खडखडत होता.

“नाचता येईना,” एवढंच म्हणून आईने आमटी वाढून घेतली.