गाण्यात मामा नाही

शनिवारी दुपारी साडेचार वाजता, एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या सभागृहात, माझ्या मुलीपेक्षाही वयाने लहान असलेल्या एका मुलीने मला अतिशय गोड शब्दांत सांगितले, की माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात मी फ्रेममध्ये येतो. ‘येतो’ हा शब्द तिने, भातात खडा येतो किंवा भाजीत केस येतो, त्या अर्थाने वापरला होता. आज मंगळवार आहे. तीन दिवस झाले, पण तो खडा अजून दाताखालीच आहे.

आपल्याकडच्या लग्नात मुलीच्या मामाला काम असते ते एकच. गौरीहरापुढे पाटावर बसून अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहणाऱ्या भाचीला, गुरुजींनी “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे” असा पुकारा केला, की दंडाला धरून बोहल्यापर्यंत आणायचे आणि अंतरपाटाच्या अलीकडे तिच्या पाठीशी उभे राहायचे. भाषण नाही, गाणे नाही. पण त्या एका पुकाऱ्यासरशी सभागृहातल्या चारशे माना मागे वळतात. एरवी मामा या शब्दाला मराठीत फारशी पत उरलेली नाही. फसवणे याला आपण मामा बनवणे म्हणतो, चौकात पावती फाडणाऱ्या हवालदारालाही मामाच म्हणतो, आणि पुराणांत पाहावे तर कंस आणि शकुनी यांनी आमच्या पदाची जी अब्रू घालवली आहे ती एकटा चांदोमामा किती भरून काढणार? त्यामुळे भाचीला बोहल्यावर आणण्याची ती पन्नास पावले हीच काय ती आमची आयुष्यभराची कमाई. माझी भाची एकुलती एक आहे आणि तिचा मीही एकुलता एक मामा आहे. म्हणजे ती पावले मला एकदाच मिळणार होती.

त्या पावलांसाठी मी आठवडाभर जे सोसले, त्याचा हिशेब थोडक्यात देतो. सोमवारी आणि गुरुवारी अशी दोन केळवणे झाली. हल्ली केळवणात आधी पानाचे फोटो निघतात. पानाभोवती रांगोळी, रांगोळीभोवती झेंडूच्या पाकळ्या, पाकळ्यांभोवती समया आणि समयांभोवती खुर्चीवर चढलेली एक मावशी, असा सगळा थाट कॅमेऱ्यात बसेपर्यंत मसालेभात गार झाला आणि मठ्ठा कोमट झाला. बुधवारी रजा टाकून मी लक्ष्मी रोडवर अष्टपुत्री घ्यायला गेलो, कारण ती पिवळी साडी मामाकडची असते. भाचीने हिंजवडीच्या कार्यालयातून व्हिडिओ कॉलवर सहा पिवळ्या साड्या नापसंत केल्या, कारण तिला पिवळी नको होती, मस्टर्ड हवी होती. दुकानातल्या अनुभवी गृहस्थांनी चेहऱ्यावरची रेषाही न हलवता तिसऱ्या क्रमांकाची साडी घडी मोडून, उलट्या बाजूने पुन्हा धरली आणि “हा घ्या मस्टर्ड,” असे म्हटले. ती तत्काळ पसंत झाली.

हे सारे मी आनंदाने केले, कारण शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बालगंधर्व रंगमंदिरात संगीत सौभद्रचा प्रयोग होता आणि माझ्या खिशात तिसऱ्या रांगेतली दोन तिकिटे होती. 1882 साली पुण्यातच पहिल्यांदा रंगभूमीवर आलेले हे नाटक मुळात लग्नाच्या नियोजनाचेच नाटक आहे. बलरामदादाने सुभद्रेचे लग्न परस्पर दुर्योधनाशी ठरवून टाकलेले असते, आणि कृष्ण कोणालाही पत्ता लागू न देता सूत्रे हलवून ते अर्जुनाशीच लावून देतो. बहिणीच्या लग्नाचा एवढा मोठा खटाटोप भाऊ एकट्याने पार पाडतो, तोही कानात कसलेही यंत्र न अडकवता, आणि पुढे रीतसर अभिमन्यूचा मामा होतो. आमच्या पदाला थोडी प्रतिष्ठा आहे ती त्याच्यामुळे. पण शुक्रवारी रात्री ताईचा फोन आला, की उद्या चार वाजता कार्यालयात एंट्रीची तालीम आहे आणि तू हवाच आहेस. तुळशीचे लग्न लागेपर्यंत मुहूर्त नसतात, त्यामुळे कार्यालये रिकामी पडलेली असतात आणि असल्या तालमींना सभागृह सहज मिळते, हे मला त्या निमित्ताने कळले. ‘तू हवाच आहेस’ हे शब्द ऐकून मी फुगलो आणि दोन्ही तिकिटे शेजारच्या जोशीकाकूंना देऊन टाकली. त्या आता रोज सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्यातली पदे गुणगुणतात.

तर सभागृहात ती समन्वयक मुलगी होती. तिच्या कानात यंत्र होते, हातात कागदांची पाटी होती, आणि माझ्याशी बोलता बोलता ती मध्येच यंत्रातल्या अदृश्य माणसाला “कॉपी, कॉपी” असे म्हणत होती. मावसभाऊ-चुलतभाऊ जमातीतले चार उंच तरुण चार काठ्या धरून उभे होते आणि काठ्यांवर एक जुनी चादर ताणलेली होती. लग्नात तिथे फुलांची जाळी येणार होती, तिचे अठरा हजार रुपये वेगळे. वधू त्या फुलांच्या चादरीखालून, हिंदी गाण्याच्या तालावर, हळूहळू चालत येणार होती. प्रत्यक्ष वधू मात्र आली नव्हती, कारण शनिवार असूनही तिला अमेरिकेतल्या कोणाशी तरी बोलायचे होते. म्हणून वधूच्या जागी कार्यालयाच्या वायरमनला उभे केले होते.

हा वायरमन पन्नाशीचा, मिशीवाला, खिशात टेस्टर आणि खांद्यावर वायरचे भेंडोळे असलेला गृहस्थ होता. तो व्यासपीठाजवळचा प्लग दुरुस्त करत असताना समन्वयक मुलीने त्याला “दादा, दोन मिनिटं ब्राइड व्हाल का?” असे विचारले होते आणि त्याने “होतो की” असे म्हटले होते. मी आयुष्यात बरीच नाटके पाहिली आहेत, पण इतक्या मनापासून केलेली स्त्रीभूमिका बालगंधर्वांच्या नावाच्या त्या थिएटरातही मला पाहायला मिळालेली नाही. “दादा, थोडं लाजून,” असे तिने सांगताच त्याने मान किंचित खाली घातली, भेंडोळे शालूच्या पदरासारखे खांद्यावर सारखे केले आणि डाव्या पायाने जमिनीवर एक अर्धवर्तुळ काढले. चारही तरुण हसू दाबताना थरथरू लागले, काठ्या हलल्या आणि चादर वायरमनच्या डोक्यावर आली. ती त्याने घुंगटासारखी दोन बोटांनी उचलली.

मी पुढे झालो आणि रीतीप्रमाणे त्याचा दंड धरला.

“मामा, एक मिनिट,” ती म्हणाली. “तुम्ही फ्रेममध्ये येताय.”

“मी येणारच. मी मामा आहे.”

“हो ना मामा, पण चादरीखाली फक्त ब्राइड. तुम्ही थोडं मागून चाला. म्हणजे साधारण दहा फूट.”

“दहा फूट मागून चाललो, तर तिला मी आणतो आहे हे लोकांना कळणार कसे?”

तिने पाटीवरचा कागद खरोखरच एकदा पाहून घेतला आणि म्हणाली, “गाण्यात तसं नाहीये ना मामा. गाण्यात मामा नाहीये.”

यावर काय बोलायचे असते, हे मला अजूनही सुचलेले नाही. वधूने मात्र माझी बाजू घेतली. “म्याडम, मामाबिगर नवरी कशी यील?” असे वायरमनने चादरीखालूनच विचारले. तिने त्याला “दादा, तुम्ही एक्स्प्रेशन सोडू नका,” असे सांगून गप्प केले.

मग मी तडजोडीवर आलो. चार काठ्यांपैकी एक मला द्यावी, म्हणजे निदान चादरीच्या कोपऱ्यात तरी मी राहीन, असे मी सुचवले. तिने यंत्रात कोणाला तरी विचारले आणि सजावटवाल्याकडून मोजपट्टी मागवली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला भिंतीला टेकवून, बुटांसह आणि बुटांशिवाय, दोनदा मोजण्यात आले. मी पाच फूट तीन इंच भरलो. काठ्या धरणाऱ्यांपैकी कोणीही पाच फूट दहाच्या खाली नव्हता. “चादर तिरकी होईल मामा. फुलं सगळी तुमच्या साइडला घरंगळतील,” असे ती खऱ्या कळकळीने म्हणाली. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणजे मामाला एक डोळा नसला तरी चालतो, सात इंच नसलेले मात्र चालत नाहीत.

“आणि गुरुजी?” मी शेवटचे अस्त्र काढले. “मुहूर्त बारा सदतीसचा आहे. गुरुजी पुकारा करणार, की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. मग चारशे लोक मामाला शोधणार.”

“गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे, ते आपण तेहतीसलाच प्ले करतोय. मुहूर्ताचं टेन्शनच नाही.”

“मी पुकाऱ्याबद्दल विचारतो आहे.”

“तेव्हा गुरुजींचा माईक बंद असेल.”

हे वाक्य ती अगदी सहज बोलून गेली. स्वयंपाकघरातला दिवा बंद असेल, असे म्हणावे तितक्या सहज. मी वायरमनकडे पाहिले, कारण माईकच्या वायरी त्याच्याच अखत्यारीत असणार. त्याने चादरीआडून दोन्ही हात असहायपणे पसरले.

एव्हाना पाच वाजले होते. रंगमंदिरात तिसरी घंटा झाली असेल आणि जोशीकाकू माझ्या खुर्चीत मांडी ठोकून नांदी ऐकत असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि तो बहुधा चेहऱ्यावर उमटला. ती मुलगी एकदम खूश झाली. “मामा, हे मस्त आहे! हे धरून ठेवा. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, ब्राइड जवळून गेली की आम्ही तुमचा रिअ‍ॅक्शन शॉट घेतो. रडता येतं ना तुम्हाला?”

येते. त्या क्षणी तर विशेष प्रयत्नही करावा लागला नसता.

मी हे सर्व हसत लिहितो आहे, पण मला राग आलेला आहे. तो त्या मुलीवर नाही. ती तिच्या कामात चोख आहे, तिने मला दोनदा पाणी विचारले आणि निघताना वाकून नमस्कारही केला. राग याचा आहे, की हे सगळे महिन्याभरापूर्वीच ठरले होते आणि मला कोणी सांगितले नव्हते. ताईला माहीत होते, भाऊजींना माहीत होते, काठ्या धरणाऱ्या त्या लंबूटांगांनाही माहीत होते. साडीची आठवण मला बरोबर करून दिली गेली. घरी आल्यावर मी ताईला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “अरे, जाऊ दे ना, पोरांची हौस आहे.” हौस हा शब्द आला, की वाद संपतो. हौसेला उत्तर नसते, बिल असते, आणि ते भाऊजी भरत आहेत. त्यांनी मुदत ठेव मोडली आहे. ही गोष्टही मला कोणी सांगितलेली नाही. मी बँकेत आहे, मला दिसते.

1991 साली वाईला ताईचे लग्न झाले, तेव्हा आमच्या मामाने तिला आणले होते. काळी टोपी, गळाबंद कोट, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. मामा कोर्टात कारकून होता आणि माणसांशी फारसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र पुकारा होण्याच्या आधी तो अर्धा तास गौरीहराच्या खोलीबाहेर उभा होता आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावून “झालं का?” असे विचारत होता. जाताना त्याने ताईचा दंड इतका घट्ट धरला होता, की चुड्यातली एक बांगडी पिचकली. त्या लग्नाचे सगळे मिळून छत्तीस फोटो आहेत. मामा त्यातल्या एकाच फोटोत आहे आणि त्यातही त्याचे डोळे मिटलेले आहेत, पण तो ताईला धरून आहे.

ही आठवण मी ताईला फोनवर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझ्या फेट्याचं माप पाठवायचं राहिलंय. तेवढं आजच पाठव.”

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी तुळशीचे लग्न लागले. वृंदावनाला गेरू लावला, चिंचा-आवळे घातले, बाळकृष्ण पाटावर आणून ठेवला. आमच्या घरी तुळशीच्या मागे ऊस उभा करतात आणि त्याला तिचा मामा म्हणतात. मंडईतून मी या वर्षी मुद्दाम सहा फुटी ऊस आणला होता आणि तो शेंड्याच्या पानांसकट कुंडीच्या कठड्याला सुतळीने तीन ठिकाणी आवळून बांधला होता. मंगलाष्टके मीच म्हटली. अक्षता पडल्या. मग मुलीने मोबाइल उभा धरला, आडवा धरला, दोन पावले मागे गेली आणि म्हणाली, “बाबा, ऊस फ्रेमच्या बाहेर जातोय. वरून थोडा कापू या का?”

मी विळी उचलून आत नेली आणि ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली.