६६अ? ते कलम कधीच रद्द झालंय

‘ग्रुपवर राजकीय पोस्ट पडली तर कलम ६६अ खाली अ‍ॅडमिनला ३ वर्षं कैद’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (६६अ म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम.) दोन्ही गोष्टी चूक.

२०१२ मध्ये पालघरला बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली (दुसरीने ती नुसती लाइक केली होती!). त्यानंतर या कलमाला आव्हान देणारा श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. घोळ असा, की कायद्याच्या प्रतींत मजकूर तसाच राहिला, रद्द झाल्याची नोंद तळटीपेत. तळटीप वाचतो कोण?

अ‍ॅडमिनचं म्हणाल तर, संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय.