आपल्याच शहरात पोरांना फिरवणं ही शिक्षा आहे का?

डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण हौसेनं त्यांना पुणं दाखवतो आणि आपली पोरं मात्र क्लास आणि सोसायटीचं पार्किंग यातच वाढतात. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं की ते काही नाही, रोज थोडंथोडं करून दोघांना आपलं शहर दाखवायचं. शनिवारवाडा, लाल महाल, पाताळेश्वर, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, पर्वती. यादी काय कमी आहे का पुण्यात!

पहिला संताप बाथरूमचा. हो, तिथूनच सुरुवात करणार, कारण लहान मुलांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक बाईचा दिवस त्याच्यावरच ठरतो. एका प्रसिद्ध ऐतिहासिक वास्तूत धाकटीला शू लागली. बाण दाखवलाय, पाटी लावलीय, आत नव्या टाईल्सही दिसतायत आणि दाराला हे एवढं कुलूप. वॉचमनना विचारलं तर म्हणाले, "ताई, चावी साहेबांकडे असते." साहेब कुठे आहेत? "जेवायला गेलेत." कधी येतील? "येतील की." सहा वर्षांची पोरगी पाय आवळून उभी आहे, डोळ्यांत पाणी आलंय, आणि हे म्हणतात, तिकडे झाडामागे बसवा. का बसवू? मी तिकीट काढून आत आलेय. मुलीनं उघड्यावर बसायचं आणि टाईल्स कुलपात सुरक्षित राहायच्या? बाहेर पडून समोरच्या हॉटेलात गेलो, तिथल्या काकांनी एका शब्दानं न विचारता आत सोडलं. परत आलो तर गेटवर म्हणे, तिकीट एकदाच चालतं, पुन्हा काढा.

आणि ते तिकीट काढायची तऱ्हा! खिडकी बंद, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणे. भर उन्हात फोनची स्क्रीन दिसत नाही, नेटवर्क येत नाही, पेमेंट अडकतं. आमच्या पुढे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांच्याकडे बटणाचा फोन. हातात नोटा घेऊन उभे होते बिचारे. शेवटी मागच्या एका कॉलेजच्या मुलीनं त्यांचं तिकीट काढून दिलं. तिनं काढलं नसतं तर आजोबांनी घरी परत जायचं होतं का?

पाणी कुठेही नाही. वीस-वीस रुपयांच्या बाटल्या घेत हिंडा. याचा तर मला भयंकर राग आला, कारण त्याच दिवशी थोरल्याला मी सांगत होते की नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी नळ टाकून पाणी थेट शहरात आणलं, वाटेत हवा खेळायला उच्छ्वास म्हणजे उंच झरोके बांधले, पेठापेठांत हौद भरले. तो म्हणाला, "मग आत्ता का नाही पाणी?" काय उत्तर देऊ त्याला? अठराव्या शतकात, वीज नाही, पंप नाही, तरी पेठेतल्या माणसाला हौदावर पाणी मिळत होतं. आज त्याच पेठेत पोराची बाटली भरायला एक चालू नळ मिळू नये?

माहितीचं तर नावच नको. एका ठिकाणी पाटीचा रंग उडालेला, एका ठिकाणी पाटी एवढ्या उंचावर की मोठ्या माणसालाही मान वर करून वाचावी लागते, आणि वाचलं तर नुसती सनावळी. मुलांना लागते गोष्ट, लागतं चित्र. शनिवारवाड्यात शिरल्यावर पोरं विचारणारच, "आई, वाडा कुठाय?" कारण 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालं, आता दिसतात ती जोती आणि तटबंदी. लाल महालात थोरला शाहिस्तेखानाची बोटं तुटलेली खिडकी शोधत होता. त्याला सांगावं लागलं की 1663 चा तो महाल आता उरलेला नाही, ही वास्तू अलीकडे बांधलेली आहे. मी सांगितलं, कारण माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. ज्या घरात सांगणारं कुणी नाही, त्या पोरांनी काय नुसती जोती बघून घरी जायचं?

मग ती पोकळी कोण भरतं? भुताटकीवाले. वाड्यापाशी एक टोळकं "काका मला वाचवा" करून किंचाळत रील काढत होतं, आणि शेजारी दहा-बारा लहान मुलं आ वासून बघत होती. अरे, नारायणराव पेशव्याचा, अठरा वर्षांच्या पोराचा खून झालाय तिथे, 1773 साली, त्याच्याच घरात, गणपतीच्या दिवसांत. त्यामागे घरातलं भांडण होतं, सत्तेची हाव होती, आणि खुद्द त्याच्या काकांना, राघोबादादांना, दोषी ठरवून देहांत प्रायश्चित्त सांगणारे न्यायाधीश रामशास्त्री होते! ते रामशास्त्री मुलांना कुणी सांगत नाही. किंचाळ्या तेवढ्या सांगतात. धाकटी त्या रात्री दिवा बंद करू देईना.

दोन ठिकाणांच्या मधलं अंतर हा आणखी वेगळा छळ. शनिवारवाड्यापासून लाल महाल हाकेच्या अंतरावर, पण शिवाजी रस्ता ओलांडायचा म्हणजे दोन्ही हातांत दोन पोरं घट्ट धरून, दुचाकीवाल्यांच्या हातापाया पडत. फुटपाथवर गाड्या लावलेल्या. झेब्रा क्रॉसिंगवर कुणी थांबत नाही, उलट हॉर्न मारून आपल्यावरच डोळे वटारतात.

हे लिहिलं की लगेच कुणीतरी येऊन म्हणणार, "एवढा त्रास होतो तर मॉलमध्ये जा." जातातच लोक! पोरांना तिथे बाथरूम मिळतं, पाणी मिळतं, बसायला बाक मिळतो. पाताळेश्वराची आठव्या शतकातली लेणी भर जंगली महाराज रस्त्यावर आहेत, आत पाऊल टाकलं की गारवा, एका खडकातून कोरलेला तो गोल नंदीमंडप बघून माझी दोन्ही पोरं अवाक झाली होती. थोरला खांबावर हात ठेवून म्हणाला, "हे सगळं छिन्नीनं?" असं कुतूहल पोरांच्या पोटात आहे हो, भरपूर आहे. ते टिकवायला कोट्यवधींचे सुशोभीकरणाचे प्रकल्प आणि उद्घाटनाच्या फिती नकोत.

बाथरूमची चावी गेटवरच्या माणसाकडे ठेवा. एक नळ चालू करा. रोख पैसे घेणारी एक खिडकी उघडी ठेवा. मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरात, मराठीत एक पाटी लावा, शेजारी जुन्या वाड्याचं चित्र काढा. यातल्या एकाही गोष्टीला निविदा, समिती आणि दोन वर्षं लागत नाहीत. पुढची सुट्टी दिवाळीची आहे, मी पोरांना घेऊन परत जाणार आहे, आणि या वेळी त्या साहेबांचं जेवण होईपर्यंत त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहणार आहे.